वरातीतली वायर

१७ नोव्हेंबर, रविवार

आज माझ्यामुळे एका वरातीची अर्धी बाजू काळोखात गेली.

आमच्या कॉलेजातल्या भारवानी मॅडमच्या मुलाचं लग्न होतं, उल्हासनगरला. बँडच्या मागून आम्ही स्टाफरूमवाल्या चालत होतो. फोटो काढायला मी एक पाऊल मागे घेतलं, चपलेत काहीतरी अडकलं, पाय झटकला, आणि डाव्या बाजूची सगळी झुंबरं एकदम विझली. घोडी दचकली. अंधारातून आवाज आला, "ओ ताई, पाय उचला. नाचायचं असंल तर मधी नाचा, वायरीवर नको."

पन्नाशीची एक बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर विझलेलं झुंबर. एका हातानं झुंबर धरून ती दुसऱ्या हातानं लोंबकळणारी पिन चाचपत होती. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मला काय सॉरी, नवरदेवाला सांगा, त्याचं तोंड दिसंना झालं." पिन बसली, उजेड झाला, आणि त्या उजेडात मला ओळीतल्या सगळ्या बायका दिसल्या. इतक्या वरातींना गेले, झुंबरं आठवतात, एकीचाही चेहरा आठवत नाही.

मग पुढची सगळी वरात मी तिच्या बाजूनं चालले. गंगू तिचं नाव. रस्त्याच्या दोन्ही कडांना या बायकांची एकेक ओळ. एकीच्या झुंबरातून निघालेली वायर दुसरीच्या झुंबरात, तिच्यातून तिसरीच्या, असं करत शेवटी मागच्या हातगाडीवरच्या जनरेटरपर्यंत. सगळ्या एकमेकींना बांधलेल्या. वायर ताणली की पुढचीनं थांबायचं, नाहीतर पिन निघते.

घरी आल्यापासून नवऱ्याचं, विक्रांतचं, डोकं खातेय. अकरावीला राज्यशास्त्रात न्यायाचा धडा सुरू होणारच आहे. या वर्षी मी तो पुस्तकातून शिकवणार नाही. ज्यांचं काम आपल्याला दिसतच नाही अशा माणसांकडून शिकायचं, आधी मी, मग वर्ग. विक्रांत म्हणाला, "आधी जेवू का?"


२६ नोव्हेंबर, मंगळवार

संविधान दिन. सभागृहात प्रास्ताविका वाचायचं काम माझ्याकडे असतं. 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय' इथे माझा आवाज जरा चढला. प्राचार्यांनी वळून पाहिलं.

तिथूनच रिक्षा केली आणि उल्हासनगरच्या कॅम्प पाचला गेले. गंगूच्या गल्लीत दिवसा या बायका जीन्सचे धागे कापतात. दाराशी निळ्या पँटींचा ढीग आणि चौघी-पाचजणी कात्र्या घेऊन बसलेल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी जय भीम म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं, मला उगाचच भरून आलं. सगळ्यात म्हाताऱ्या जनाबाईंनी विचारलं, कुणाची गं तू? मी सांगितलं, वडील अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत होते.

"म्हणजे क्वार्टरवाले," गंगू म्हणाली आणि कात्री चालवत राहिली.

हा टोमणा होता का? विक्रांतच्या मते नुसता पत्ता होता. मला खात्री नाही.

जनाबाईंच्या हातात कात्री नव्हती. मांडीवर एक पँट होती, तिच्यावर त्या नुसता हात फिरवत होत्या. "डोळे गेले बाय. धागा दिसत न्हाई. झुंबर बरं, दिसावं लागत न्हाई, डोक्यावरच असतं." बायका हसल्या. जनाबाई एकट्याच राहतात. लग्नसराईत गंगूच्या फोनवर निरोप आला की दुपारपासून तेल लावून, वेणी घालून उंबऱ्यात बसतात, असं गंगूनं चिडवत सांगितलं. सत्तरीच्या आहेत, निदान तशा वाटतात. विचारलं तर म्हणाल्या, मोजलं न्हाई.

वायरीबद्दल मी खोदून विचारलं. मध्येच तहान लागली तर? थांबायचं. लघवीला जायचं असेल तर? यावर काशी बोलली. ती सगळ्यात तरुण, बाळंत होऊन वर्ष झालं नसेल. वरात असली की ती दुपारनंतर पाणीच पीत नाही. हे तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं.  आपल्याकडे आजही माणसं एका तारेत ओवून रस्त्यानं नेली जातात आणि आपण त्या उजेडात नाचतो!

निघताना मी गंगूला सरळ विचारलं, "वायरीचा त्रास होत नाही का हो?"

"त्रास झुंबराचा होतो, मान धरती. वायर काय, वायर तर बरी."

सवय. माणसाला कशाचीही सवय होते, अगदी बेडीचीसुद्धा. हे वाक्य वर्गात वापरायचं.


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ओळीबरोबर पूर्ण वरात चालले. किती दिवसांनी इतकं जिवंत वाटतंय.

जनाबाई ओळीत सर्वांत मागे, जनरेटरच्या जवळ. उजवा गुडघा दुखतो म्हणून त्या तो पाय जरा ओढतात. त्या हळू झाल्या की त्यांच्या पुढच्या माया नावाच्या बाईची वायर ताणते, ती थांबते, मग तिच्या पुढची, असं करत ओढ गंगूपर्यंत पोचते. गंगू सगळ्यात पुढे, बँडला लागून. ती घसा खाकरते. एवढंच. बँडमधला मुकेश कर्णा वाजवता वाजवता मान हलवतो आणि चालू गाणं तोडून भलतीच धून धरतो. तिला ते लोक 'मामांची धून' म्हणतात, कारण ती लागली की नवरदेवाचे मामे नाचायला उतरतातच. मामे नाचतात, वरात जागच्या जागी थांबते, आणि मागे जनाबाई जनरेटरच्या गाडीला टेकून गुडघा चोळून घेतात. कोणालाही पत्ता लागत नाही. आज एक जाडजूड मामा तर रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळले. जनाबाई मला म्हणाल्या, "हा चांगला मामा हाय. असे दोन असले की गुडघा हलका होतो."

मी खूप हसले. पण परत येताना रिक्षात हसू गेलं. एवढ्या मोठ्या वरातीचं चालणं एका थकलेल्या बाईच्या गुडघ्यावर टांगलेलं आहे, आणि पुढे इतरजणी तिच्यासाठी खोळंबलेल्या. यात कोणाचं भलं आहे?

विक्रांतला विचारलं, हे बिनवायरीचं होऊ शकत नाही का? तो आनंदनगर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, त्याला अशी कोडी आवडतात. म्हणाला, सहज होईल. एलईडी झुंबर, कमरेला बॅटरी, तीन-चार तास आरामात. मग म्हणाला, "आमच्याकडे आधी पट्टा होता. सगळ्यात हळू हात ज्याचा, त्याच्या हिशेबानं पट्टा चालायचा. आता प्रत्येकाला वेगळं टेबल दिलंय. कदमला त्याच वर्षी कामावरून काढला."

मी बॅटरीचं विचारत होते. याला दर गोष्टीत कंपनी आठवते.


३ डिसेंबर, मंगळवार

झालं! मी स्वतः केलं!

झुंबरांचे ठेकेदार भावेशशेठ यांना भेटायला गेले. फर्निचर बाजाराच्या मागे त्यांचं गोडाऊन आहे. दोन तास वाद घालायची तयारी करून गेले होते, मुद्दे पाठ होते. दहा मिनिटांत काम झालं. माणूस अतिशय सज्जन. खुर्ची दिली, सोलकढी मागवली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडमजी, मेरे दिल की बात बोली आपने." योगायोग असा की नमुन्याचं एक बॅटरीचं झुंबर त्यांच्याकडे आधीच येऊन पडलं होतं. जनरेटरचा आवाज, धूर, डिझेल, ट्रॅफिकवाल्यांची कटकट यांनी तेही वैतागलेत. बायकांना कसं सांगावं हाच त्यांचा प्रश्न होता. आता मीच आले म्हटल्यावर तो मिटला.

जाता जाता त्यांनी एक विचारलं. वायर गेली की कोण किती चालतंय ते वेगवेगळं दिसेल ना? मी म्हटलं, अर्थात, प्रत्येकीला आपापल्या पावलानं चालायचं स्वातंत्र्य मिळेल. त्यांनी मान डोलावली.

अकरावीच्या वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबवायला हव्या होत्या. थांबवल्या नाहीत.


७ डिसेंबर, शनिवार

काल सहा डिसेंबर, गल्लीतलं कोणीच काम घेत नाही. बऱ्याचजणी दादरला जाऊन आल्या. आज गेले तर सगळ्या थकून बसलेल्या.

मला वाटलं होतं मीच बातमी देईन, पण शेठनी आधीच कळवलं होतं. काशीनं माझा हात धरला. "खरंच जाता येईल? मधनं?" मी म्हटलं, झुंबर खाली ठेवायचं आणि जायचं, कोणाचा दिवा विझणार नाही. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आयुष्यात एक काम तरी धड झालं.

गंगू पायाला तेल चोळत होती. मग म्हणाली, "विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"कोणाला?"

"आम्हाला, अजून कोणाला."

मी सांगितलं की मी विचारलं होतं, वायरीचा त्रास होतो का म्हणून. ती म्हणाली, "आणि मी काय बोलली?"

मागची पानं चाळली. 'वायर तर बरी' असं ती म्हणाली होती. मी ते लिहून घेतलंय आणि खाली स्वतःचं वाक्य लिहिलंय. हे मला आवडलेलं नाही. पण मग काशीचं काय? तिनं दुपारपासून पाणी न पिणं हे बरं आहे का? गंगू पुढारी आहे, ओढीची नाडी तिच्या हातात असते, कदाचित तिला ते सुटणं जड जात असेल. असाही विचार मनात आला. तो बरोबर आहे की माझ्या सोयीचा, ते ठरवता येत नाही.


१० डिसेंबर, मंगळवार

बिनवायरीची पहिली वरात. मी गेलेच.

काय ती झळाळी. झुंबरं हलकी, कमरेला पट्ट्यात बॅटरी, जनरेटरची धडधड नाही, त्यामुळे बँड स्पष्ट ऐकू येतो. चौकात काशीनं झुंबर एका ओट्यावर ठेवलं, समोरच्या मिठाईवाल्याच्या मागच्या बाजूला गेली, परत आली, पळत जाऊन आपली जागा गाठली. जाताना मला म्हणाली, "म्याडम, पाणी प्यायली मी आज. मुद्दाम प्यायली." मी तिथेच रस्त्यावर रडले असते.

वरात झपाट्यानं पुढे गेली. गंगू मध्येमध्ये सवयीनं थांबायची, पण बाकीच्यांना ओढच लागत नव्हती, त्या पुढे निघून जायच्या आणि मग तिलाही जावं लागायचं. मामांची धून आज वाजलीच नाही.

हॉल जवळ आल्यावर मी मागे वळून पाहिलं. वरातीचं शेपूट संपत होतं, त्याच्यामागे बराच मोकळा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर एकटं एक झुंबर हळूहळू येत होतं. खाली जनाबाई. बाजूनं स्कूटर जात होत्या. एक कुत्रं त्यांच्या उजेडात चालत होतं. मी धावत गेले आणि त्यांच्याबरोबर चालले.  हॉलच्या दाराशी भावेशशेठ उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग जनाबाईंकडे पाहिलं. वरात वेळेच्या आधी पोचली म्हणून ते खुशीत होते.


११ डिसेंबर, बुधवार

गंगूचा फोन. शेठनी सांगितलंय, आजीला आता आराम करू दे.


१३ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस नीट लिहायची हिंमत झाली नाही. आता सगळं लिहून काढते, नाहीतर मी ते गोड करून टाकीन.

काल जनाबाईंकडे गेले. वेणी घातलेली होती. मी निराधार पेन्शनचं विचारलं. म्हणाल्या, ते मिळतं की, कधी येतं, कधी येत नाही. "पर पेन्शन माणसाला बोलवाया येतं का बाय? चल गं जना, वरात हाय, म्हणतं का?"  मग म्हणाल्या, "आधी पण मी हळूच चालत होते. पर ते कुणाला दिसत नव्हतं. आता माझा दिवा मागं ऱ्हायला, ते समद्या गावानं बघितलं."

तेव्हा मला वायर कळली. जनाबाई हळू चालत तेव्हा सगळी ओळ हळू चालायची. हळू कोण, हे बाहेरून ओळखताच यायचं नाही. एकीला ओळीतून काढायचं तर मध्ये खंड पडायचा, वायर पुरायची नाही. मी ती वायर सोडवली आणि जनाबाई सुट्या झाल्या.

तिथूनच शेठना फोन लावला. वायर परत लावा म्हटलं. ते नेहमीसारखेच नम्र. "मॅडमजी, आप ही ने तो बोला था." जनरेटर त्यांनी एका मंडपवाल्याला देऊनही टाकलाय. परवा रविवारी या मोसमातला शेवटचा मुहूर्त. त्यानंतर महिनाभर लग्नं नाहीत. शेवटच्या वरातीत ज्या असतात त्यांनाच मोसम उघडल्यावर पहिला निरोप जातो, हा या धंद्यातला रिवाज. रविवारी जनाबाई ओळीत नसल्या तर कायमच्या नाहीत.

आज गल्लीत सगळ्या जमल्या. मी वायरीसाठी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण भांडण दुसरंच होतं. गंगू म्हणाली, जुनी झुंबरं मागून घेऊ. काशी उठून उभी राहिली.

"वायर लागली तर मी यायची नाय. मावशी, तुझं पोर अंगावर पीत नाय आता. तुला काय कळणार."

"आणि तुझा गुडघा गेल्यावर?"

"तवाचं तवा. आज मुतायला जाऊ दे ना."

कोणी हसलं नाही. दोघींचं खरं होतं. मला दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटत होतं, आणि मी म्हटलं, आपण मतदान घेऊ या का? गंगूनं माझ्याकडे बघितलं. चिडून नाही. "म्याडम, तुम्ही न्याय शिकवा कालेजात. भांडण आमचं आम्हाला करू द्या. आता घरी जा, साहेब वाट बघत असतील. रविवारी या बघायला."

मला घालवलं. घरी, बदलापूरला पोचेपर्यंत मी दुखावलेली होते. विक्रांतला सांगितलं तर तो म्हणाला, "युनियनची मीटिंग असली की मॅनेजरला बाहेर बसवतात." मी म्हटलं, मी मॅनेजर आहे का? तो म्हणाला, नाहीस, पण खुर्ची तुलाच दिली होती ना त्यानं.

हे ऐकून राग यायला हवा. पण मी सारखी घड्याळ बघतेय, परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखं. त्या आत काय ठरवत असतील?


१५ डिसेंबर, रविवार

चप्पलही न काढता लिहायला बसलेय, अक्षर बघून घ्यावं लागेल.

वरात देवळापासून निघणार होती. मी लवकर पोचले. दिवेलागणीची वेळ. टेम्पोतून झुंबरं उतरवलेली, घोडी सजवलेली, नवरदेवाची आई कोणाला तरी फोनवर रागावत होती. कोपऱ्यावरून बायका आल्या. मध्ये जनाबाई, इस्त्रीच्या साडीत. शेठनी एकेकीला झुंबर दिलं. जनाबाईंपाशी आल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, अम्मा, आपने बहोत किया, खाना खाके जाना.

गंगूनं आपलं झुंबर रस्त्याच्या कडेला ठेवलं. दिवा बंद केला. बाजूला मांडी घालून बसली. मग माया. मग तिच्या पलीकडची. मग काशी, ही मात्र ओठ घट्ट मिटून. बघता बघता दोन्ही कडांना दोन्ही ओळी खाली बसल्या, विझलेली झुंबरं शेजारी. घोषणा नाही, काही नाही. माया तर चुंबळीचा धागा दाताने तोडत होती.

शेठ माझ्याकडे आले. "मॅडमजी, आप समझाइए इनको."

खरं लिहायचं तर मी समजावायला निघाले होते, पण शेठना. सगळं तयार होतं, दर्जाची व संधीची समानता इथपर्यंत मी पोचलेसुद्धा. तेवढ्यात मुकेशनं मामांची धून धरली आणि माझं पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही, मलाही नाही. मामे उतरले. नवरदेवाचे मामे भरपूर होते. वरात देवळासमोर जागच्या जागी नाचायला लागली. कोणी 'चलो' म्हटलं की मुकेश तीच धून परत सुरू करायचा. अंधार पडत चालला. नवरदेवाची आई दोनदा येऊन गेली. शेठ गंगूशी बोलले, मग मायाशी, मग काशीपाशी उकिडवे बसले. काशीला एकटीला ते फोडू शकतील अशी मला भीती वाटली. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. काशीनं नुसतं डोकं हलवलं, एकदा, आणि पदर नीट केला.

शेठ परत माझ्यापाशी आले. चिडलेले नव्हते, चक्रावलेले होते. "वायर तो निकाल दी ना मॅडमजी? फिर ये सब एक साथ कैसे बैठ गईं?"

मी म्हटलं, त्यांनाच विचारा. 

त्यांनी एकदा नाचणाऱ्या मामांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग स्वतः टेम्पोपाशी गेले आणि ताडपत्रीखालून एक जादा झुंबर काढून आणलं. जनाबाईंनी घाई केली नाही. आधी चुंबळ झटकली, नीट बसवली, मग मायानं उचलून दिलेलं झुंबर डोक्यावर घेतलं. सगळ्या उठल्या, दिवे लागले, मामांना घाम फुटलेला त्या उजेडात दिसला.

मला वाटलं, मिटलं. पण जनाबाई मागे गेल्याच नाहीत. गंगूनं त्यांना दंडाला धरून पुढे नेलं, बँडच्याही पुढे, अगदी तोंडावर. आणि ओळींना सांगितलं, "जनाबाईच्या पुढं पाऊल टाकायचं नाय. कोणीच." हे त्यांनी शुक्रवारी ठरवलं होतं, मला घरी पाठवल्यावर. मुकेश त्यांच्या मागे, त्याच्या मागे बँड, बँडच्या मागे मामे, मामांच्या मागे घोडी. जनाबाईंनी पाऊल टाकलं की सगळं हलायचं, पाय ओढला की सगळं थांबायचं. वायर कुठेच नव्हती.

गंगूनं मला बायकांच्या पिशव्या सांभाळायला दिल्या. डबे, स्वेटर, काशीची पाण्याची बाटली. त्या गळ्यात अडकवून मी शेवटी, टेम्पोच्या बाजूनं चालले. त्यामुळे पुढचं मला फार दिसलं नाही. चौकात काशी झुंबर ठेवून गेली आणि आली. आज तिला पळावं लागलं नाही, ओळ अजून तिथेच होती. नवरदेवाची आजी गाडीत बसून येणार होती, तीही मध्येच उतरली आणि काठी टेकत वरातीतून चालू लागली. म्हणाली, आज चलने जैसा है.

पिशव्या घेऊन चालता चालता माझ्या डोक्यात संघटना तयार झाली, नाव, पदाधिकारी, नोंदणी, मागण्यांचा मसुदा, सगळं. गंगूला सांगायला उद्याच जावं असं वाटलं. मग वाटलं, नको. मग परत वाटलं. अजून ठरत नाहीये.

शेवटचं मी स्वतः ऐकलेलं नाही, काशीनं सांगितलं, म्हणून तसं नमूद करते. हॉल दिसायला लागल्यावर नवरदेवाचे एक काका घड्याळ बघत पुढे धावले आणि जनाबाईंना म्हणाले, "अम्मा, थोडा जल्दी चलो ना, मुहूर्त निकल जाएगा."

जनाबाईंनी मान वळवली नाही. झुंबर डोक्यावर असताना वळवता येत नाही.

"जाईल कुठं?" त्या म्हणाल्या. "माझ्या मागनंच येतोय."